गोल्डबर्गांचे बिऱ्हाड

घरातले बोलणे घरातच राहावे, अशी शिकवण आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली आहे. अशा घरांत वाढलेल्या वाचकांस पुढील वृत्तांत काहीसा नवलाचा वाटेल. एका बाईने आपल्या समाजाचे स्वयंपाकघर, त्यातील लाडीगोडी, धुसफूस, उणीदुणी आणि बोलण्यातील चुका यांसह एका अफाट राष्ट्रापुढे उघडे करून ठेवले; एक-दोन दिवस नव्हे, तर पंचवीस वर्षांहून अधिक काळ; आणि तरीही त्या समाजाचे हसे होऊ दिले नाही. पुढे कसोटीची वेळ आली तेव्हा याच बाईला आपले हे कल्पनेतले घर सांभाळावे की त्या घरातील एका माणसाच्या पाठीशी उभे राहावे, असा पेच पडला. अमेरिकेच्या गर्ट्रूड बर्ग यांची ही हकीकत आहे. आज ज्याला ‘सिटकॉम’ म्हणतात, त्या दूरचित्रवाणीवरील प्रसंगनिष्ठ विनोदी मालिकेच्या अगदी आरंभीच्या निर्मात्यांत त्यांची गणना होते.

बर्गबाई ज्यू होत्या. आपल्या वाचकांस ज्यू समाज ठाऊक आहे तो बहुधा पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायल मंडळींमुळे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत, आणि त्यांची घरची भाषा मराठी. बर्गबाईंचा समाज त्याहून निराळा. पूर्व युरोपात छळ व दारिद्र्य सोसून १८८१ ते १९२४ या अवधीत सुमारे वीस लाख ज्यू अमेरिकेत येऊन राहिले. त्यांतील बहुतेकांची भाषा यिडिश. न्यूयॉर्कच्या ईस्ट साइड भागातील कोंदट बिऱ्हाडांत ही मंडळी प्रथम उतरली, शिवणकामाच्या कारखान्यांत राबली, आणि चार पैसे गाठीस लागताच ब्राँक्स, ब्रुकलिन अशा जरा मोकळ्या वस्त्यांकडे सरकली. जुनी पिढी यिडिशमध्ये विचार करी आणि इंग्रजीत बोलू पाही. नवी पिढी शाळेतून फर्डे इंग्रजी शिकून येई आणि आईबापांच्या उच्चारांनी संकोचून जाई. बर्गबाईंची सारी निर्मिती या दोन पिढ्यांच्या मधल्या जागेत घडली.

१८९९ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव टिली एडलस्टाइन. वडील जेकब हे नाना उद्योग करून पाहणारे, बरेचसे अव्यवहारी गृहस्थ. न्यूयॉर्कच्या उत्तरेस कॅट्‌स्किल नावाचे डोंगर आहेत. तेथे फ्लाइशमन्स या गावी त्यांनी उन्हाळी पाहुण्यांसाठी विश्रामगृह चालविले. शहरातील उकाड्यास कंटाळलेली ज्यू कुटुंबे तेथे महिना-पंधरा दिवस येऊन राहत. आभाळ निरभ्र असे तोवर सर्व ठीक. परंतु पावसाची झड लागली की पाहुणे कंटाळत, आणि कंटाळलेला पाहुणा वळकटी बांधून शहराकडे परतण्याच्या गोष्टी बोलू लागे. वडिलांच्या धंद्यावरील हे संकट टाळण्यासाठी ही मुलगी पुढे झाली. कधी जिप्सी बाईचे सोंग घेऊन तिने पाहुण्यांचे भविष्य सांगितले, तर कधी छोटी प्रहसने रचून पाहुण्यांच्याच मुलांना त्यांत उभे केले. माल्टके टालनिट्झकी नावाची, संसाराने पिचलेली आणि नवऱ्यावर सदैव चरफडणारी एक प्रौढ बाई तिने रंगविली. पुढे याच माल्टकेची करवादी वृत्ती गळून पडली, तिच्या जागी मायेचा ओलावा आला, आणि मॉली गोल्डबर्ग जन्मास आली. रंगभूमीचे त्यांचे पहिले शिक्षण हे असे पावसाच्या भीतीतून झाले. समोरचा प्रेक्षक उठून गेला तर आपल्या घरची चूल विझेल, ही जाणीव त्यांना पुढे जन्मभर पुरली असावी असे मला वाटते.

घरची परिस्थिती मात्र रंगभूमीवरील चित्रासारखी नव्हती. एकुलता भाऊ बालपणीच दगावला आणि त्या दुःखातून आई कधीच सावरली नाही. पुढे तर तिला मानसोपचारांच्या आश्रमात ठेवावे लागले. मॉली गोल्डबर्ग ही साऱ्या आळीची आई होती. ती निर्माण करणाऱ्या बाईला मात्र स्वतःच्या आईचा आधार फार लवकर तुटलेला पाहावा लागला. यातून कोणता निष्कर्ष काढावा हे वाचकांनीच ठरवावे.

१९१८ मध्ये लुइस बर्ग या रसायन-अभियंत्याशी टिलीचा विवाह झाला. साखरेच्या व्यवसायातील नोकरीमुळे काही काळ हे दांपत्य दक्षिणेत लुइझियाना येथे राहिले. परत आल्यावर दोन मुले, संसार आणि फावल्या वेळात लेखन, असा क्रम सुरू झाला. कोलंबिया विद्यापीठाच्या बाहेरील विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या वर्गांत त्यांनी नाट्यलेखनाचे पाठही घेतले होते. पतीचा साखर कारखाना आगीत भस्मसात झाला आणि मिळकतीचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा गर्ट्रूड या नव्या नावाने त्या नभोवाणीच्या दारी गेल्या. नाताळच्या बिस्किटांची कृती यिडिशमध्ये वाचून दाखविणे, असले किरकोळ काम प्रथम वाट्याला आले. दुकानात काम करणाऱ्या दोन मुलींवर लिहिलेली पहिली मालिका एका भागातच बंद पडली. तेव्हा त्यांनी आपल्या ओळखीच्या घराकडे मोर्चा वळविला.

‘द राइझ ऑफ द गोल्डबर्ग्ज’ ही त्यांची मालिका २० नोव्हेंबर १९२९ रोजी एन. बी. सी.च्या नभोवाणीवर सुरू झाली. न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळून तेव्हा महिनाही झाला नव्हता. आठवड्याला पंच्याहत्तर डॉलर हा मोबदला, आणि सहकारी नटांचे पैसेही त्यातूनच द्यावयाचे. संहिता त्यांनी पेन्सिलीने, मुद्दाम अशी गिचमिड लिहून नेली म्हणतात, की अधिकाऱ्याला ती वाचता येऊ नये. त्याने वैतागून, ‘तुम्हीच वाचून दाखवा,’ असे म्हटले; बाईंनी सर्व पात्रांचे आवाज काढून ती वाचली, आणि मॉलीची भूमिका त्यांच्याकडेच आली. गोष्ट पदरची मीठमिरची लावलेली असेल. पण संहिता पेन्सिलीने, भल्या पहाटे उठून स्वहस्ते लिहावयाची हा परिपाठ त्यांनी पुढे कायम ठेवला. हजारो भाग त्यांनी असे लिहिले.

गोल्डबर्गांचे बिऱ्हाड होते ब्राँक्स भागात, पूर्व ट्रेमाँट रस्त्यावर. कर्ता पुरुष जेक कपड्यांच्या धंद्यातला, कष्टाळू, चटकन तापणारा. मुलगा सॅमी, मुलगी रोझली. एक म्हातारा डेव्हिडकाका. आणि सर्वांस सांभाळून वर शेजाऱ्यांच्या उठाठेवी करणारी मॉली. इमारतीच्या आतील चौकाकडे उघडणाऱ्या खिडकीतून डोके बाहेर काढून ती ‘यू-हू’ अशी लांब हाक मारी, आणि समोरच्या खिडकीतील मिसेस ब्लूमशी गप्पा सुरू होत. ज्यांचे बालपण गिरगावातील चाळीत गेले, त्यांस ही हाक कोणत्या जातीची असेल हे सांगावयास नको. मिसेस ब्लूम श्रोत्यांस सहसा ऐकू येत नसे. मॉलीच्या उत्तरांवरून तिचे म्हणणे ताडावयाचे.

या ठिकाणी त्या काळच्या करमणुकीकडे थोडे पाहिले पाहिजे. अमेरिकेच्या विविधरंगी रंगभूमीवर ‘हिब्रू विदूषक’ हा एक ठरलेला प्रकार होता. खोटी दाढी, कानांवर आलेली टोपी, हात नाचवीत बोलण्याची लकब आणि पैशाचा हव्यास एवढ्या भांडवलावर हा नट टाळ्या घेई. नभोवाणीवर त्याच सुमारास ‘एमस अँड अँडी’ ही मालिका अफाट गाजत होती. तीत दोन गोरे नट निग्रो लोकांच्या बोलीची नक्कल करून हशा पिकवीत. योगायोग असा, की १९३१ पासून या दोन्ही मालिकांचा खर्च पेप्सोडंट ही एकच दंतमंजनाची कंपनी उचलू लागली. अशा हवेत ज्यू कुटुंबाची बोली कानावर आली की श्रोता हसण्याच्या तयारीनेच बसे. बर्गबाईंनी त्याला हसविले, पण निराळ्या जागी हसविले. मॉलीचे शब्द इंग्रजी असत, वाक्याची मोडणी यिडिशची असे. (बडोदे-इंदूरकडे दोन पिढ्या काढलेल्या आपल्या आजीबाईंचे मराठी ज्यांनी ऐकले आहे, त्यांना ही मौज लगेच उमगेल.) म्हण उलटी पडे, क्रियापद भलतीकडे जाई, परंतु त्या मोडक्या वाक्यातून निघणारा अर्थ घरातील शिकलेल्या मुलांच्या बोलण्याहून शहाणा असे. बोलणाऱ्या बाईची किंमत हसणाऱ्याच्या मनात कमी होत नसे, आणि नकलाकाराला जे साधत नाही ते नेमके हेच आहे.

हे साधले ते अचूकपणामुळे. पैसा हाती आल्यावर बर्ग कुटुंब पार्क अॅव्हेन्यू या धनिकांच्या रस्त्यावर राहावयास गेले. ब्राँक्समधील दोन-तीन खोल्यांच्या संसाराशी त्यांचा व्यवहार उरला नव्हता. म्हणून बाई मुद्दाम ईस्ट साइडच्या बाजारांतून, कोणी ओळखू नये अशा बेताने हिंडत आणि भाजीवाल्यांच्या गाड्यांपाशी चाललेली घासाघीस कानांत साठवीत. ध्वनिक्षेपणाच्या खोलीत न्याहारीचा प्रसंग असेल तर खरी अंडी फोडली जावीत, असा त्यांचा हट्ट असे. नकली आवाज श्रोत्यांतील गृहिणी तत्काळ ओळखतील, हा त्यांचा विश्वास. एकदा आजारपणामुळे त्यांना काही दिवस काम थांबवावे लागले, तेव्हा चौकशीची हजारो पत्रे आली. त्यांतील पुष्कळ पत्रे ज्यू घर कधी पाहिलेही नसेल अशा लोकांची होती.

मालिकेत उपदेशाचा सूर सहसा नसे. मात्र १९३८ च्या नोव्हेंबरात जर्मनीत ज्यूंची दुकाने व प्रार्थनामंदिरे फोडली गेली आणि त्यानंतरच्या वसंतात, १९३९ च्या एप्रिलमध्ये, वल्हांडणाच्या भोजनाचा प्रसंग त्यांनी लिहिला. कुटुंब जमले आहे, परंपरेचे पाठ चालले आहेत, आणि इतक्यात खिडकीची काच फोडून एक दगड आत येऊन पडतो. मुले भेदरतात. घरातील कर्ता त्यांस धीर देतो आणि विधी पुढे चालू राहतो. जर्मनीचा उल्लेख लांबलचक भाषणात करण्याची बाईंना गरज भासली नाही. महायुद्धात सॅमीचे काम करणारा आल्फ्रेड रायडर प्रत्यक्षच सैन्यात दाखल झाला, तेव्हा सॅमीलाही निरोप देण्यात आला. तो भाग न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावरून क्षेपित केला होता.

१९४५ मध्ये नभोवाणीवरील हा संसार थांबला. बाईंनी त्याचे नाटक केले. ‘मी अँड मॉली’ हे नाटक १९४८ च्या फेब्रुवारीत ब्रॉडवेवर आले आणि त्याचे १५६ प्रयोग झाले. त्यात जेकची भूमिका फिलिप लोएब या अनुभवी नटाने केली. लोएब हे नटांच्या ‘अॅक्टर्स इक्विटी’ या संघटनेतील खंदे कार्यकर्ते होते. तालमींच्या दिवसांचेही वेतन नटांस मिळावे म्हणून झालेल्या लढ्यात त्यांचा वाटा मोठा होता. नाटकाच्या यशावर बाईंची नजर दूरचित्रवाणीकडे वळली. सी. बी. एस. कंपनीतील अधिकारी राजी नव्हते, तेव्हा त्यांनी कंपनीचे प्रमुख विल्यम पेली यांस थेट गाठले, आणि १९४९ च्या जानेवारीत ‘द गोल्डबर्ग्ज’ पडद्यावर दिसू लागले. लेखिका, निर्माती आणि नायिका एकच. प्रयोग जिवंत होई. चुकले तर चुकले. आरंभी मॉली खिडकीत येऊन प्रेक्षकांशीच बोले, जणू तुमचेच घर समोरच्या भिंतीत आहे, आणि बोलता बोलता प्रायोजक जनरल फूड्स कंपनीच्या सँका कॉफीची शिफारस करून जाई. जाहिरात इतक्या शेजारधर्माने क्वचितच कोणी केली असेल. १९५१ च्या जानेवारीत दूरचित्रवाणीवरील उत्कृष्ट अभिनेत्री म्हणून त्यांस एमी पारितोषिक मिळाले. या विभागातील ते पहिलेच.

परंतु त्या पारितोषिकाच्या वेळी घराला आग लागून चुकली होती. १९५० च्या जूनमध्ये ‘रेड चॅनेल्स’ नावाची एक पुस्तिका प्रसिद्ध झाली. नभोवाणी व दूरचित्रवाणी क्षेत्रातील १५१ व्यक्तींची नावे तीत असून, त्या कम्युनिस्टांच्या सहानुभूतिदार असल्याचे सूचित केले होते. खटला नाही, पुरावा तपासणे नाही, उलटतपासणी नाही. नाव छापले की काम बंद. फिलिप लोएब यांचे नाव तीत होते. आपण कम्युनिस्ट पक्षाचे सभासद नाही व कधी नव्हतो, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्याचा उपयोग झाला नाही. लोएब यांस काढा, असे प्रायोजकांनी बर्गबाईंस सुनावले.

बाईंनी नकार दिला. लोएबला काढलेत तर मी गावोगाव व्यासपीठावर उभी राहून तुमचा माल घेऊ नका असे सांगेन, अशी धमकीही त्यांनी दिली. ज्या तोंडाने कॉफी खपविली त्याच तोंडाची ही धमकी होती. कंपनीने तूर्त माघार घेतली आणि तो हंगाम पार पडला. मात्र १९५१ च्या उन्हाळ्यात प्रायोजकांनी हात काढून घेतला व सी. बी. एस.ने मालिका बंद केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याच कंपनीवर, त्याच सोमवारच्या रात्री ‘आय लव्ह लुसी’ सुरू झाली आणि पाहता पाहता सर्वांच्या पुढे गेली. गोल्डबर्ग मंडळी घरी बसून होती. एन. बी. सी.ने दार उघडले खरे, पण लोएब असेपर्यंत एकही प्रायोजक पुढे येईना. महिन्यांमागून महिने गेले. बाकीच्या नटांचीही मिळकत थांबली होती. अखेर १९५२ च्या आरंभी लोएब यांनी तडजोडीची रक्कम स्वीकारून जेकची भूमिका सोडली आणि फेब्रुवारीत मालिका परत सुरू झाली. जेक आता हॅरल्ड स्टोन होते.

बर्गबाईंनी अखेर हार खाल्ली, असा ठपका ठेवणारे आहेत. मला तो निकाल सरळ वाटत नाही. त्या वर्षांत मोठमोठ्या कंपन्यांच्या मालकांनी एका दूरध्वनीवर माणसे काढून टाकली. येथे एका बाईने दीड वर्ष तग धरला, आपली मालिका ऐन बहरात गमावली, आणि तरीही ज्याच्यासाठी हे केले त्याला ती वाचवू शकली नाही. तथापि दुसरी बाजूही आहे, आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. नव्या जेकसह पडदा उघडला तेव्हा गोल्डबर्गांच्या घरात कोणी कोणाची उणीव बोलून दाखविली नाही. शेजारणीच्या डोकेदुखीची चौकशी करणाऱ्या घरातून एक माणूस उठून गेला आणि जेवण पुढे चालू राहिले.

लोएब यांस पुढे दूरचित्रवाणीवर काम मिळाले नाही. विधुर गृहस्थ, मुलगा मनोरुग्ण. त्याच्या उपचारांचा खर्च डोक्यावर, आणि प्राप्ती जवळजवळ नाही. १ सप्टेंबर १९५५ रोजी न्यूयॉर्कच्या टॅफ्ट हॉटेलात झोपेच्या गोळ्या घेऊन त्यांनी जीवनाचा शेवट केला. त्यांचे स्नेही आणि स्वतः काळ्या यादीत सापडलेले नट झीरो मोस्टेल यांनी १९७६ च्या ‘द फ्रंट’ या चित्रपटात एका परागंदा झालेल्या विनोदी नटाची भूमिका केली. त्या पात्रामागे बऱ्याच अंशी लोएब यांची कथा आहे.

मालिकेची पुढील वर्षे थोडक्यात सांगण्यासारखी आहेत. एन. बी. सी.वरून ती ड्यूमाँट या दुबळ्या कंपनीकडे गेली. १९५५-५६ च्या शेवटच्या हंगामात गोल्डबर्ग कुटुंब ब्राँक्स सोडून हॅव्हरव्हिल नावाच्या उपनगरात स्वतंत्र घरात राहावयास गेले. अनेक ज्यू कुटुंबे त्या काळी खरोखरच तसे करीत होती, तेव्हा बदल वास्तवाला धरून होता. पण समोरासमोर भिडलेल्या खिडक्या गेल्या आणि हाक मारावयास मिसेस ब्लूम उरली नाही. बाईंच्या कलेचा जीव त्या चौकात होता असे माझे मत आहे. १९५६ मध्ये मालिका संपली. आधीचे बहुतेक भाग जिवंत क्षेपणाचे असल्याने त्यांतील थोडेच जपले गेले. लुसीची मालिका मात्र फिल्मवर चित्रित केली होती, म्हणून ती पुनःपुन्हा दाखविता आली. आज लुसील बॉल यांचे नाव सर्वांस ठाऊक असून बर्गबाईंचे नाव सांगावे लागते, याचे निदान एक कारण हे आहे.

बाई रंगभूमीवर परतल्या. १९५९ च्या फेब्रुवारीत ‘अ मेजॉरिटी ऑफ वन’ हे लेनर्ड स्पीगलगास यांचे नाटक ब्रॉडवेवर आले. ब्रुकलिनची एक ज्यू विधवा, जिचा मुलगा जपानशी झालेल्या युद्धात मारला गेला आहे, आणि एक जपानी व्यापारी, यांच्यात हळूहळू जुळत जाणाऱ्या स्नेहाचे हे कथानक. विधवेच्या भूमिकेत बर्गबाई, व्यापाऱ्याच्या भूमिकेत इंग्रज नट सर सेड्रिक हार्डविक. नाटक पाचशेच्या वर प्रयोग चालले आणि त्या वर्षीचे टोनी पारितोषिक बाईंस मिळाले. तरी १९६१ मध्ये त्याचा चित्रपट निघाला, तेव्हा ती भूमिका रोझलिंड रसेल यांस देण्यात आली. पडद्याच्या बाजारात नावाचे वजन निराळ्या तराजूने होते. त्याच वर्षी बाईंनी मुलगा चर्नी याच्या साहाय्याने ‘मॉली अँड मी’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले, आणि महाविद्यालयात शिकावयास जाणाऱ्या प्रौढ विधवेवरील एका नव्या मालिकेत काम केले. ती एका हंगामापुरतीच टिकली.

१४ सप्टेंबर १९६६ रोजी न्यूयॉर्क येथे बर्गबाईंचे निधन झाले. २००९ मध्ये अॅव्हिवा केम्पनर यांनी त्यांच्यावर एक अनुबोधपट काढला. मॉलीची हाकच त्याचे शीर्षक आहे. बाईंचे दफन झाले ते ब्राँक्समध्ये नव्हे आणि पार्क अॅव्हेन्यूच्या आसपासही नव्हे, तर कॅट्‌स्किल डोंगरातील त्याच फ्लाइशमन्स गावी, जेथे पावसाळी दुपारी पाहुण्यांनी सामान बांधू नये म्हणून एका मुलीने प्रथम सोंग घेतले होते.